एप्रिल-मेमधला बर्फ: हिमालयात जाणाऱ्या कोल्हापूरच्या ट्रेकर्ससाठी हिमस्खलन टाळण्याची क्रमवार पद्धत

परीक्षा संपल्या की कोल्हापुरातून हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीमकडे ट्रेकर्सचे गट निघतात. भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड चाललेली, रांगणा आणि पारगड पायाखाली घातलेली ही मंडळी दमाला किंवा जिद्दीला कुठं कमी पडत नाहीत. त्यांना नडतात त्या सह्याद्रीत लागलेल्या सवयी. आपल्याकडे नाळेनं, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीतून, चढतात, कारण बहुतेक वेळा तीच वाट असते. बर्फात नाळ म्हणजे वरून सुटलेल्या बर्फाचा ठरलेला रस्ता. आपल्याकडे पोहे-चहा उरकून आठला निघालं तरी गड होतो. तिथं आठला काही उतार सोडून झालेले असावे लागतात. आपण पावसाला भितो आणि ऊन पडलं की निर्धास्त होतो. वसंतातल्या बर्फात तेच स्वच्छ ऊन उतार सैल करतं.

खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं करायचे आहेत. बरेच जण शेवटचा टप्पा, म्हणजे गाडलेल्याला शोधायचं बीकन नावाचं यंत्र आणि खोदायचं फावडं, आधी वाचतात आणि पहिल्या पाच टप्प्यांकडे दुर्लक्ष करतात. गाडला गेलेला माणूस वाचवणं फार अवघड आहे. त्यापेक्षा त्या उतारावर त्या वेळी नसणं कितीतरी सोपं.

टप्पा १: तिकीट काढण्याआधी दोन दिवस राखून ठेवा

कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणारी थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते. ती हुकली की मिरजेला जाऊन गोवा एक्स्प्रेस धरायची, तीही आरक्षण मिळालं तर. त्यामुळं आपले गट परतीचं तिकीट आधी काढतात आणि ट्रेकचे दिवस मधल्या जागेत कोंबतात. मग खिंडीच्या दिवशी हवा बिघडली की चर्चा डोंगराची होत नाही, गाडीची होते. "परवा दिल्लीत पोचलं पाहिजे, आजच ओलांडूया" हे वाक्य ज्या कॅम्पवर निघतं, तिथं निर्णय झालेला असतो. फक्त तो बर्फ बघून झालेला नसतो.

म्हणून ट्रेकच्या ठरलेल्या दिवसांत किमान दोन मोकळे दिवस घाला. एक बर्फ पडण्याचा आणि दुसरा पडलेला बर्फ बसण्याचा. दुसरा दिवस पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचं कारण टप्पा ४ मध्ये येईल.

गटाचा आकारही इथंच ठरवा. समजा शंभर मीटर रुंदीचा धोकादायक उतार एकेकट्यानं ओलांडायचा आहे आणि एकाला तीन मिनिटं लागतात. सहा जणांना अठरा मिनिटं पुरतील. पंचवीस जणांना सव्वा तास लागेल, आणि त्या सव्वा तासात ऊन वाढत राहील. मोठा गट मग घाईनं एकत्र ओलांडतो, म्हणजे सगळ्यांचं वजन एकाच वेळी त्या उतारावर येतं. बर्फाच्या खिंडीसाठी सहा ते आठ जणांचा गट पुरे. जास्त मित्र असतील तर दोन गट करा, दोन वेगळ्या दिवशी.

*तपासणी:* परतीचं तिकीट रद्द झालं तर होणारा खर्च प्रत्येकानं आधीच बाजूला काढलाय का? नसेल तर तो खर्च नको म्हणून खिंड ओलांडली जाण्याची शक्यता आहे.

टप्पा २: नकाशावर उतार मोजा

हे काम घरी, टेबलावर बसून करायचं. सगळ्यात जास्त दुर्लक्षही यालाच होतं.

बर्फ सुटतो तो मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वात जास्त. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. ३० अंशांपेक्षा कमी उतारावर सहसा सुटत नाही. ओला बर्फ मात्र पंचविशीतल्या अंशांवरही सुटू शकतो, म्हणून वसंतात थोडी सूट ठेवून मोजा. अवघड भाग असा की ३० ते ४५ अंशांचा उतार आपल्याला चालायला चांगला वाटतो. फार उभा नाही आणि कंटाळवाणाही नाही.

गुगल अर्थवर वाटेची रेघ ओढली की उंचीचा आलेख दिसतो आणि त्यात चढाची टक्केवारी येते. इथं एक चूक वारंवार होते. टक्के म्हणजे अंश नव्हेत. आडव्या १०० मीटरांत ५८ मीटर चढ असेल तर तो ५८ टक्के, म्हणजे ३० अंश. १०० टक्के म्हणजे ४५ अंश. "चाळीस टक्के आहे, म्हणजे धोकादायक" असं समजणारे उगाच घाबरतात. "सत्तर टक्के म्हणजे फार नाही" म्हणणारे तर थेट धोक्याच्या मध्यभागी, ३५ अंशांवर, उभे राहतात.

स्वतःची वाट मोजून थांबू नका. *वाटेच्या वर काय आहे* तेही मोजा. तुम्ही सपाट हिमनदीवर चालत असाल आणि डोक्यावर सहाशे मीटर उंचीची बर्फाची भिंत असेल, तर तुमच्या पायाखालच्या सपाटीला काही अर्थ नाही. तुम्ही जिथं असाल तिथून वरच्या बर्फाच्या टोकाकडे फोनच्या कोनमापकानं नेम धरा. कोन २० अंशांपेक्षा बराच जास्त आला, तर तिथपर्यंत बर्फ येऊ शकतो असं धरून चाला. तंबूची जागा निवडताना हेच माप वापरा.

मग नकाशावर तीन खुणा करा. लाल खूण ३० अंशांवरच्या प्रत्येक उताराला. निळी खूण प्रत्येक नाळेला आणि खोलगट जागेला, कारण तिथं थोडा बर्फसुद्धा खोल साठतो आणि माणूस फार खोल गाडला जातो. हिरवी खूण सोंडांना, रुंद धारांना आणि दाट झाडीला, म्हणजे जिथं थांबता येईल अशा जागांना. शेवटी प्रत्येक लाल उताराशेजारी त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा: पूर्व, दक्षिण, पश्चिम की उत्तर. टप्पा ५ मधलं सगळं वेळापत्रक या एका अक्षरावर उभं राहणार आहे.

*इशारा:* "ही तर नेहमीची वाट आहे, सगळे इथूनच जातात" हा पुरावा नव्हे. वाट उन्हाळ्यात मेंढपाळांच्या पायांनी पडलेली असते. मेमध्ये त्याच वाटेवर दहा फूट बर्फ असू शकतो.

टप्पा ३: साहित्य आणि सराव, दोन्ही कोल्हापुरातच

तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात, गटात मिळून एक नव्हे. पहिली बीकन, म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारं आणि शोधणारं छोटं यंत्र. दुसरी प्रोब, घडीची लांब काठी, किमान २४० सेंटिमीटरची. तिसरी अॅल्युमिनियमच्या पात्याचं फावडं. प्लॅस्टिकचं फावडं घेऊ नका. सुटलेला ओला बर्फ थांबताक्षणी घट्ट बसतो. गुऱ्हाळावर वाफ्यात ओतलेला पाक बघता बघता ढेप होतो, तसाच. त्याचा एक घनमीटर अर्ध्या टनाहून जास्त भरतो आणि प्लॅस्टिकचं पातं त्यात वाकतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हिमालयातल्या बहुतेक व्यावसायिक ट्रेकमध्ये बीकन दिला जात नाही. पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर "गरज पडत नाही" असं आलं, तर त्या मोसमात लाल खुणांची वाट निवडू नका. शोधायचं साधन नसेल तर गाडलेल्याला वेळेत शोधण्याची आशा जवळपास उरत नाही.

सराव मसाई पठारावर किंवा कुठल्याही मोठ्या मैदानावर होतो. एकानं बीकन चालू करून पिशवीत घालायचा आणि गवतात दडवायचा. दुसऱ्यानं चाळीस मीटरांवरून शोध सुरू करायचा. पाच मिनिटांच्या आत सापडेपर्यंत हे रोज करा. अंधारात करा, हातमोजे घालून करा, शेजारी कुणी ओरडत असताना करा. शोधताना फोन बीकनपासून किमान ५० सेंटिमीटर दूर हवा. नुसतं चालत असताना २० सेंटिमीटर पुरेत. फोन, स्मार्ट घड्याळ, कॅमेरा या सगळ्यांनी यंत्राचं वाचन बिघडतं.

उतार ओळखण्याचा सराव पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या डोंगरउतारांवर करा. काठी चढाच्या दिशेनं उतारावर टेकवून ठेवा, तिच्यावर फोन ठेवा आणि आकडा बघण्याआधी अंदाज मोठ्यानं सांगा. सुरुवातीला जवळपास प्रत्येक जण पाच-दहा अंशांनी चुकतो. डोळा बसेपर्यंत हे चालू ठेवा.

खोदायचा सराव बांधकामावरच्या ओल्या वाळूच्या ढिगात करा. दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून माणसं आलटून पालटून खोदायची सवय इथंच लावा.

बर्फावर चालण्याचं तंत्र मात्र पठारावर शिकता येत नाही. आइस अॅक्सनं, म्हणजे बर्फातल्या कुदळीनं, घसरण थांबवणं आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे धातूचे दाते, घालून उतरणं यासाठी उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा. गटात निदान दोघांनी तरी तो केलेला असावा.

*इशारा:* उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकानं दिलेलं यंत्र सोबत नेलं तर अटक होऊ शकते.

टप्पा ४: पायथ्याच्या गावात विचारपूस

चंडीगढची डीजीआरई ही संरक्षण संशोधन विकास संघटनेची संस्था हिमस्खलनाचं पूर्वानुमान देते. त्यात जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी असते. त्यातली उंची आधी वाचा. जिल्ह्याचं नाव बघून "आपण त्या बाजूला नाही" म्हणणारे फसतात. कुठल्या उंचीच्या वर धोका सांगितलाय आणि तुमची खिंड किती उंच आहे हे ताडून पाहा. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. मधली, म्हणजे तिसरी, ऐकायला सौम्य वाटते. पण ती असताना एकट्या माणसाच्या वजनानंही उतार सुटू शकतो. तिसरी असेल तर लाल खुणा त्या दिवशी बंद.

हवामान खात्याच्या अंदाजात वेस्टर्न डिस्टर्बन्सचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी हवेचा, उल्लेख शोधा. एप्रिल-मेमध्येही तो येतो आणि उंचावर ताजा बर्फ टाकतो. चोवीस तासांत फूटभर किंवा जास्त पडला तर थांबायचं. आता त्या दुसऱ्या राखीव दिवसाबद्दल. सर्वात घातक दिवस बर्फ पडतो तो नसतो. बर्फ थांबून पहिलं लख्ख ऊन पडतं तो असतो. कॅम्पवर कोंडून बसलेले सगळे त्याच सकाळी उत्साहानं निघतात, आणि नवा बर्फ अजून जुन्याला चिकटलेला नसतो. किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस जाऊ द्या.

गावात मेंढपाळ, खेचरवाले आणि स्थानिक वाटाड्यांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "जाता येईल का भैया?" असं विचारलं की पाहुण्याचा हिरमोड नको म्हणून "हो जाएगा" असं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: मागच्या आठवड्यात कुठला उतार सुटला? रात्री पाणी गोठतंय का? वारा कुठल्या बाजूनं होता? मग वाटाडा स्वतःच बोलू लागतो.

गाडीनं फिरायला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू ला मार्गावर, पंधराव्या मैलाजवळ, दुपारी बाराच्या सुमारास बर्फ सुटला आणि सात पर्यटक गेले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. ते ट्रेकर नव्हते. बर्फात खेळायला गाडीतून उतरलेली माणसं होती. सिक्कीमची सहल ठरवताना, किंवा मेच्या सुरुवातीला केदारनाथला जाताना, परवान्याची हद्द आणि बर्फ कापून केलेल्या वाटेवरचे पोलिसांचे इशारे अक्षरशः पाळा. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असलेल्या जागी फोटोसाठी थांबू नका. तिथं बर्फ साठलाय तो बहुधा वरून आलेलाच असतो.

टप्पा ५: आदल्या रात्री वेळेचा उलटा हिशेब

वसंतातल्या बर्फाचं गणित दिवस-रात्रीचं असतं. दिवसा वितळलेलं पाणी बर्फात झिरपतं आणि कणांची पकड सोडवतं. रात्री ते गोठतं आणि पकड परत बसते. रात्र नीट गोठली तर सकाळी काही तास उतार बांधलेला राहतो. गोठली नाही तर तो उतार कालच्या दुपारच्याच अवस्थेत असतो, फक्त अंधारात दिसत नाही.

आकाश स्वच्छ असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडतो. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी तो गोठू शकतो. ढग असले की ही उष्णता अडते. म्हणून ढगाळ, ऊबदार रात्र ही धोक्याची रात्र. रात्री पाऊस पडला तर पुढचा दिवस रद्द.

*तपासणी:* पहाटे दोन-तीनला उठून बर्फात काठी रोवा. आत जाऊ नये. टाचेनं जोरात लाथ मारा. वरचा थर दोन-तीन सेंटिमीटरचाच असेल आणि खाली भुसभुशीत लागलं, तर तो ऊन पडल्यावर तासाभरात फुटेल. थरानं तुमचं वजन उड्या मारूनही पेललं पाहिजे.

आता घड्याळ. कोल्हापुरात मेच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. मनालीकडे तो सव्वापाच-साडेपाचला आणि गंगटोककडे पावणेपाचच्या सुमारास उगवतो. आपल्या शरीराचं घड्याळ घेऊन गेलात तर पूर्वेच्या उतारावर ऊन येऊन बराच वेळ झालेला असतो. पूर्वेचे उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. उत्तरेचे सर्वात शेवटी. पण उत्तरेला हिवाळ्यातला कोरडा, कमकुवत बर्फ उशिरापर्यंत टिकतो, तेव्हा ते आपोआप सुरक्षित ठरत नाहीत.

उदाहरण घेऊ. कॅम्प ३,७०० मीटरवर, खिंड ४,३०० वर. चढ पूर्वेच्या उतारानं, उतरण पश्चिमेच्या उतारानं. पूर्वेचा उतार आठपर्यंत सोडायचा आहे. सहाशे मीटर चढायला बर्फात चार तास धरा. म्हणजे चारला निघणं हे शेवटचं, आणि अर्ध्या तासाची सूट धरून साडेतीन. याचा अर्थ उठायचं दीडला. पश्चिमेचा उतार अकराच्या आत उतरून व्हायला हवा.

इथं एक अडचण येते, तिचा विचार फार थोडे जण करतात. आठला माथ्यावर पोचलात तर पश्चिमेचा उतार अजून काचेसारखा कडक असतो. हिमस्खलनाचा धोका कमी, पण घसरलात तर थांबणार नाही. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायचे साखळीचे छोटे काटे, अशा उतारावर पुरत नाहीत. क्रॅम्पॉन आणि आइस अॅक्स हवेत. नसतील तर माथ्यावर सपाट, सुरक्षित जागी थांबा आणि वरचा एक-दोन सेंटिमीटर थर मऊ होऊ द्या, म्हणजे टाच रुतेल. त्याहून जास्त नाही. हा मधला वेळ कधी अर्धा तास असतो, कधी दीड तास.

शेवटचं काम: माघारीची वेळ कागदावर लिहा. ही वेळ माथ्यावर पोचण्याच्या वेळेच्या बरीच आधीची असते, कारण माघार त्याच पूर्वेच्या उतारानं घ्यायची आहे आणि तोही तापत असतो. वरच्या उदाहरणात अर्ध्या चढावर एक ठळक खूण निवडा, एखादा मोठा खडक किंवा सपाटी. सहापर्यंत तिथं पोचला नाहीत तर मागे. वेळ सगळ्यांना तोंडपाठ असली पाहिजे, फक्त लीडरला नव्हे.

टप्पा ६: चालताना बर्फ वाचत राहा

निघताना तंबूच्या दाराशी सगळ्यांचे बीकन चालू करा. एकानं दहा पावलं पुढं जाऊन प्रत्येकाचा संदेश मिळतोय का ते तपासायचं. बीकन कपड्यांच्या आत, अंगाला बांधलेला असावा. सॅकमध्ये ठेवलेला बीकन सॅकबरोबर वाहून जातो.

खालीलपैकी एक खूण दिसली तरी तो उतार सोडा. दुसरीची वाट बघायची नाही.

शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजा बर्फ सुटलेला दिसणं ही सर्वात मोठी खूण. डोंगरानं उत्तर देऊन टाकलेलं असतं. पायाखाली "वुम्फ" असा घुमारा ऐकू आला किंवा पावलापासून चिरा धावत गेल्या, तर आतला थर बसतोय. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर पृष्ठभाग ओला होतोय. हे सुरुवातीचं लक्षण आहे आणि त्याच वेळी निघायचं असतं. बूट घोट्याच्या वर बुडू लागले तर धोका वाढतोय. गुडघ्यापर्यंत बुडाले तर तुम्ही उशीर केलेला आहे. हातात घेतलेला बर्फ पिळला आणि पाणी गळलं, तर त्या उतारावर पुढं जायचं काम नाही.

वारा लागलेल्या धारांवर कॉर्निस बघा, म्हणजे धारेच्या पलीकडे हवेत लोंबणारा बर्फाचा छज्जा. वरून तो सपाट जमिनीसारखा दिसतो आणि तुटतो तेव्हा अपेक्षेपेक्षा खूप मागून तुटतो. कडेपासून भरपूर आत, जिथं खडक दिसतोय अशा बाजूनं चाला. खालून जाताना त्याच्या माऱ्यात थांबू नका. दुपारच्या उन्हात छज्जा तुटला तर त्याच्या धक्क्यानं खालचा अख्खा उतार सुटू शकतो.

खालच्या भागात, ओढ्यांवर, बर्फाचे पूल सकाळी पेलतात आणि दुपारी कोसळतात. पाण्याचा आवाज पायाखाली येत असेल तर काठीनं टोचत, एकेकट्यानं जा.

टप्पा ७: लाल उतार ओलांडताना

शक्य असेल तर ओलांडूच नका. सोंडेवरून वळसा घेतल्यानं तासभर जास्त गेला तर जाऊ द्या. वळसा नसेल तर असं करा.

१. उताराच्या आधी, हिरव्या खुणेच्या जागी सगळ्यांनी थांबा. जॅकेटची चेन, टोपी, हातमोजे नीट करा. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. पट्टे अडकले तर हात मोकळे होत नाहीत.

२. पलीकडची थांबायची जागा आधी बोटानं दाखवा. "पुढं कुठंतरी" असं नको.

३. शक्य तितक्या वरून, छज्जाच्या माऱ्यात न येता, आडवं जा. उताराच्या मध्यावर किंवा तळाशी चाललात तर वरचा सगळा बर्फ तुमच्यावर येतो.

४. एका वेळी एकच माणूस. बाकी सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. फोटो काढणारा डोळाही नको.

५. मध्ये थांबू नका. पाणी, बूट, श्वास, जे काही असेल ते पलीकडे.

६. पहिला सुखरूप गेला म्हणून उतार तपासून झाला असं समजू नका. पाचव्या किंवा दहाव्या माणसाच्या पावलानंही तो सुटतो.

*इशारा:* सह्याद्रीतल्या रोपच्या सवयीनं सगळ्यांनी एका दोरीत बांधून घेऊन बर्फाचा उतार ओलांडू नका. पक्का आधार नसलेली दोरी एकाबरोबर सगळ्यांना ओढून नेते.

टप्पा ८: मागे फिरणं

याला तंत्र थोडं आणि नियम एकच. गटातल्या कुणाही एकानं "नको" म्हटलं तर मागे. कारण विचारायचं ते कॅम्पवर. आपल्याकडे लहान वयाचा मुलगा मोठ्या दादासमोर गप्प बसतो, आणि बऱ्याचदा बुडणारं पाऊल त्यालाच आधी जाणवलेलं असतं. म्हणून लीडरनं प्रत्येक हिरव्या खुणेवर सर्वात नव्या माणसाला आधी बोलतं करावं आणि स्वतःचं मत शेवटी सांगावं. लीडर आधी बोलला की बाकीचे मान हलवतात.

माघारीची वेळ उलटली आणि उतार आधीच मऊ झाला, तर घाईनं खाली पळू नका. सोंडेवर किंवा खडकाळ जागी थांबा, जास्तीचे कपडे घाला, ऊन उतरून उतार पुन्हा गोठण्याची वाट बघा. थंडीत काढलेली रात्र त्रासदायक असते, पण त्यासाठीच प्रत्येकाच्या सॅकमध्ये जाड जॅकेट आणि खाणं ठेवलेलं असतं.

टप्पा ९: बर्फ सुटलाच तर

सापडलेल्यानं ओरडायचं, काठ्या टाकायच्या, आणि आडवं, कडेच्या दिशेनं निसटायचा प्रयत्न करायचा. ते जमलं नाही तर वेग कमी होतोय असं वाटताक्षणी दोन्ही हात तोंडासमोर आणायचे, म्हणजे श्वासाला पोकळी राहते. थांबल्यावर हात हलत नाहीत.

बाकीच्यांनी घड्याळ बघायचं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण जगतात. अर्ध्या तासापर्यंत ते प्रमाण तिघांवर येतं. बाहेरची मदत या वेळेत पोचत नाही. गाडलेल्याला वाचवू शकतात ते फक्त तिथं उभे असलेले सोबती.

१. वर बघा, आणखी काही सुटणार आहे का. एकाला पहाऱ्यावर ठेवा.

२. माणूस शेवटचा कुठं दिसला ती जागा काठी रोवून पक्की करा. शोध त्याच्या खाली घ्यायचा.

३. *सगळ्यांचे* बीकन शोध मोडवर. एकाचा जरी संदेश देत राहिला तरी बाकीचे त्याच्याकडेच धावतात. ही चूक सरावात हमखास होते, म्हणून मोठ्यानं मोजून खात्री करा.

४. खाली जाताना हातमोजा, टोपी, बूट असं काही दिसतंय का ते बघा. दिसलं तर ओढून बघा.

५. बीकनवर दिसणारा अंतराचा आकडा तीनच्या खाली आला की बीकन बर्फाला टेकवून, हळू, उभ्या-आडव्या रेषेत हलवा. सर्वात कमी आकड्याच्या जागी प्रोब उताराच्या काटकोनात खुपसा, मग पंचवीस सेंटिमीटरच्या अंतरानं गोल फिरत जा. लागला तर प्रोब तिथंच ठेवा.

६. प्रोबच्या डोक्यावर खोदू नका. उताराच्या खालच्या बाजूनं, खोलीच्या दीडपट अंतरावरून, आडवं आत शिरा. एक जण पुढं तोडतो, मागचे बर्फ ओढून काढतात, दर मिनिटाला जागा बदलतात.

७. आधी तोंड आणि छाती मोकळी करा. तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर पाच श्वास द्या, मग छातीदाबासह सीपीआर सुरू ठेवा. इथं हृदय थांबतं ते हवा न मिळाल्यानं, म्हणून नुसते दाब पुरत नाहीत.

गटात हात पुरेसे असतील तर एकाला सुरुवातीलाच रेंजच्या जागेकडे किंवा कॅम्पकडे ११२ लावायला पाठवा. दोघेच असाल तर आधी शोध आणि खोदणं. फोनवर आधी जागा सांगा, मग उंची, माणसांची संख्या आणि हवा कशी आहे ते.

बाहेर काढलेला माणूस बोलू लागला, हसला, तरी त्याला उभं करून चालवू नका. थंड पडलेल्या शरीराला धक्का लागला तर हृदयाची लय बिघडू शकते. आडवंच ठेवा, ओले कपडे कापून काढा, खाली मॅट टाका, दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळा. हातपाय चोळू नका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गोड, कोमट पाणी घोट घोट द्या. मग सगळ्यांचे बीकन पुन्हा संदेश मोडवर आणा, कारण तुम्ही अजून त्याच उताराखाली आहात.